इंटरनेट नसताना लिनक्स : पेनड्राइव्हवरून सॉफ्टवेअर बसविण्याची रीत

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मगाव असलेले निफाड नाशिकपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. द्राक्षबागा, लासलगावची कांद्याची बाजारपेठ आणि हिवाळ्यातील कडाक्याची थंडी यांमुळे हा तालुका राज्यभर परिचित आहे. नाशिकहून रोज ये-जा करणारे शिक्षक आणि कर्मचारीही येथे नवे नाहीत. अशा एखाद्या शिक्षकाच्या खिशातील पेनड्राइव्ह हेच शाळेच्या संगणक कक्षाचे ‘इंटरनेट’ होऊ शकते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

या विषयाला सध्या निकडीचे स्वरूप आले आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. शाळा, वाचनालये आणि सहकारी संस्थांतील बरेच जुने संगणक या अटीत बसत नाहीत. यंत्र धडधाकट आहे, पण प्रणाली कालबाह्य झाली आहे, अशी ही स्थिती. अशा वेळी यंत्र भंगारात काढायचे की त्यावर लिनक्स बसवून आणखी काही वर्षे वापरायचे, हा प्रश्न उभा राहतो.

लिनक्स बसविणे आता अवघड राहिलेले नाही. पेनड्राइव्हवरून अर्ध्या-पाऊण तासात ते काम होते. खरी अडचण त्यानंतर येते. मराठी कळफलक हवा, मुलांसाठी शैक्षणिक खेळ हवेत, प्रिंटर चालू व्हायला हवा. आणि प्रत्येक ठिकाणी संगणक इंटरनेटची जोडणी मागतो. जोडणी नसेल तर काम थांबते, कक्षाला कुलूप लागते आणि ‘लिनक्स आपल्या कामाचे नाही’ असा निष्कर्ष निघतो. तो निष्कर्ष घाईचा आहे. लिनक्सवरील जवळपास सर्व सॉफ्टवेअर इंटरनेटविना, सीडी, डीव्हीडी किंवा पेनड्राइव्हवरून बसविता येते. त्यासाठी कोणती पूर्वतयारी लागते आणि कोणत्या चुका टाळायच्या, याची ही माहिती.

पॅकेज आणि त्याचे सोबती

विंडोजवर बहुधा एक ‘सेटअप’ फाइल आणली की काम भागते. लिनक्सची रचना वेगळी आहे. येथे सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ या रूपात मिळते. डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट आणि भारतीय बॉस लिनक्स या कुळात पॅकेजच्या नावाच्या शेवटी ‘डेब’ असते. रेड हॅट आणि फेडोराच्या कुळात ‘आरपीएम’ असते.

पॅकेजमध्ये मूळ कार्यक्रमाबरोबरच एक माहितीपत्रक असते. हा कार्यक्रम चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजेस लागतात, त्यांची किमान आवृत्ती कोणती, हे त्यात नमूद असते. याला ‘अवलंबित्व’ म्हणतात. चित्रे दाखविणारा किंवा आवाज वाजविणारा भाग प्रत्येक कार्यक्रम स्वतःबरोबर आणत नाही. तो सामाईक भांडारातून घेतो. त्यामुळे डिस्कवरील जागा वाचते आणि सामाईक भागातील दोष एकदा दुरुस्त केला की सर्व कार्यक्रमांना त्याचा लाभ होतो. मात्र या रचनेमुळेच एक पॅकेज मागितले की त्याच्या मागे वीस-पंचवीस सोबती येतात.

इंटरनेट असताना ही जुळवाजुळव ‘एपीटी’ हे साधन आपोआप करते. त्याच्या खालच्या पातळीवरील ‘डीपीकेजी’ हे साधन मात्र हातात दिलेली फाइल तेवढी उघडते. सोबती नसतील तर तक्रार करून थांबते. इंटरनेटविना सॉफ्टवेअर बसविण्याची सारी कला म्हणजे योग्य सोबत्यांसह पॅकेज आणणे, एवढीच आहे.

सीडींचा काळ

ही पद्धत नवी नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्यानंतरची अनेक वर्षे दूरध्वनीच्या तारेवरून, जास्तीत जास्त ५६ केबीपीएस वेगाने, जोडणी मिळत असे. हा वेग पूर्णपणे मिळाला तरी ७०० एमबीची एक सीडी उतरवून घ्यायला सुमारे २८ तास लागले असते. म्हणून लिनक्स या देशात पसरले ते तारेवरून नव्हे, तर चकतीवरून. ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘लिनक्स फॉर यू’ मासिकानेही हीच वाट धरली. उबुंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली. तिच्या सीडी ‘शिपइट’ योजनेतून जगभर मोफत घरपोच पाठविल्या जात. ही योजना २०११ मध्ये बंद झाली.

डेबियनची तर संपूर्ण भांडारे चकत्यांवर मिळत. एप्रिल २००७ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीचा संच २१ सीडी किंवा ३ डीव्हीडींचा होता. त्या वेळी पॅकेजेसची संख्या अठरा हजारांच्या घरात होती. ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या तेराव्या आवृत्तीत ती ६९,८३० वर पोहोचली आहे.

महाराष्ट्रातही या वाटेवर काही उल्लेखनीय प्रयोग झाले. रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट या छोट्या वस्तीतील शाळेत २००७ मध्ये ‘एक मूल, एक लॅपटॉप’ प्रकल्पाचा भारतातील प्रारंभीचा प्रयोग सुरू झाला. मुलांच्या हाती आलेले हिरवे-पांढरे ‘एक्सओ’ लॅपटॉप फेडोरा लिनक्सवर चालत, आणि त्यांवरील उपक्रम यूएसबीवरून बसविण्याची सोय मूळ रचनेतच होती. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्येच डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही भारतीय भाषांतील प्रणाली आणली. पवईच्या आयआयटी मुंबईतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्स व लिबरऑफिसचे ध्वनिचित्र-पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले. ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेटविना पाहता येतात. टाटा समाजविज्ञान संस्था, टाटा ट्रस्ट्स आणि अमेरिकेतील एमआयटी यांच्या ‘क्लिक्स’ उपक्रमात, मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या सहभागाने, शाळेतच ठेवलेल्या स्थानिक सर्व्हरवरून पाठ चालविण्याची पद्धत राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगणातील शाळांमध्ये राबविली गेली. जोडणी येईल तेव्हा येईल, तोवर काम अडू नये, हे या सर्वांमागचे समान सूत्र होते.

निघण्यापूर्वी चार नोंदी

समजा, निफाडच्या एका शाळेत दहा संगणकांवर डेबियन बसविले आहे. त्यांवर मुलांसाठी ‘जीकॉम्प्री’ हा शैक्षणिक खेळांचा संच, लिबरऑफिसचा मराठी भाषा-संच आणि मराठी टंकलेखनाची सोय हवी आहे. इंटरनेट नाशिकला आहे. तिकडे जाण्यापूर्वी शाळेतील संगणकावरून चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात.

१. प्रणालीचे नाव व आवृत्ती. डेबियन १२ चे पॅकेज डेबियन १३ वर चालेलच असे नाही. उबुंटूचे पॅकेज डेबियनवर बसविण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

२. यंत्राची जात, म्हणजे ६४-बिट की ३२-बिट. ६४-बिट संगणकासाठी ‘एएमडी-६४’ पॅकेजेस लागतात. नाव एएमडीचे असले, तरी ती इंटेलच्या प्रोसेसरवरही चालतात. डेबियन १३ मध्ये ३२-बिट संगणकासाठी इन्स्टॉलर दिलेले नाही; अशा फार जुन्या यंत्रांना डेबियन १२ वरच थांबावे लागते.

३. हव्या असलेल्या पॅकेजेसची नेमकी नावे. इंटरनेट असताना अंदाजाने शोध घेता येतो. फेरी वाया जाऊ द्यायची नसेल तर नाव अचूक हवे.

४. डिस्कवरील मोकळी जागा. पॅकेज दाबून भरलेले असते. उघडल्यावर ते बरीच जास्त जागा घेते.

पेनड्राइव्ह शक्यतो रिकामा व किमान १६ जीबीचा घ्यावा. बाजारातील बरेच पेनड्राइव्ह ‘फॅट-३२’ या जुन्या पद्धतीने आखलेले असतात. त्यावर ४ जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाही, आणि डीव्हीडीची प्रतिमा-फाइल या मर्यादेच्या आसपास किंवा पलीकडे जाऊ शकते. ‘एक्सफॅट’ पद्धतीने आखणी केल्यास ही अडचण राहत नाही. विंडोज आणि आजचे लिनक्स या दोहोंना ती समजते.

रीत पहिली : डीव्हीडीचे भांडार

नवशिक्यांसाठी सर्वांत सोपी वाट हीच. डेबियनची पहिली डीव्हीडी प्रतिमा-फाइलच्या रूपात संकेतस्थळावर मिळते. तिच्यात पॅकेजेस लोकप्रियतेच्या क्रमाने भरलेली असतात; त्यामुळे सर्वसाधारण गरजेचे बरेच सॉफ्टवेअर पहिल्याच चकतीत सापडते. पुढच्या चकत्या हव्या असल्यास ‘जिगडो’ नावाच्या साधनाने त्या जुळवाव्या लागतात.

चकती प्रत्यक्ष असेल तर ती ड्राइव्हमध्ये घालून ‘सिनॅप्टिक’ या पॅकेज-व्यवस्थापकाच्या मेनूतून ‘सीडी-रॉम जोडा’ हा पर्याय निवडावा. संगणक चकतीवरील यादी वाचून घेतो. त्यानंतर चकतीवरचे सॉफ्टवेअर इंटरनेटवरच्यासारखेच शोधता व बसविता येते. अवलंबित्वाची जुळणीही आपोआप होते. डीव्हीडी-ड्राइव्ह नसेल तर प्रतिमा-फाइल पेनड्राइव्हवरून संगणकात नकलून ती ‘माउंट’ करावी, म्हणजे एखाद्या फोल्डरप्रमाणे उघडावी, आणि तोच फोल्डर सॉफ्टवेअरचा स्रोत म्हणून नोंदवावा. चकतीतील फाइली सुट्या करून फॅट-३२ पेनड्राइव्हवर टाकू नयेत. त्यातील काही दुवे या पद्धतीत टिकत नाहीत आणि भांडार अपुरे राहते.

या रीतीची मर्यादा उघड आहे. चकती निघाली त्या दिवसापर्यंतचेच सॉफ्टवेअर तिच्यावर असते. नंतरच्या सुरक्षा-दुरुस्त्या वेगळ्या आणाव्या लागतात.

रीत दुसरी : सिनॅप्टिकची खरेदी-यादी

सिनॅप्टिकमध्ये एक फारशी चर्चेत नसलेली सोय आहे. शाळेतील संगणकावर हवी ती पॅकेजेस निवडायची, पण ‘लागू करा’ हे बटण दाबायचे नाही. त्याऐवजी ‘फाइल’ मेनूतील डाउनलोडची स्क्रिप्ट तयार करण्याचा पर्याय घ्यायचा. सिनॅप्टिक मग निवडलेल्या पॅकेजेसचे व त्यांच्या सर्व सोबत्यांचे इंटरनेटवरील पत्ते एका छोट्या फाइलमध्ये लिहून देते. किराणा दुकानात नेण्याच्या यादीसारखीच ही यादी.

ती पेनड्राइव्हवर घेऊन नाशिकला जावे. तेथे लिनक्स असेल तर ती फाइल चालविताच सर्व पॅकेजेस एकामागून एक उतरतात. विंडोज असेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून एकेक पत्ता ब्राउझरमध्ये चिकटविला तरी चालते. वेळ थोडा अधिक लागतो, इतकेच. परत आल्यावर सिनॅप्टिकच्या त्याच मेनूतील ‘उतरविलेली पॅकेजेस जोडा’ हा पर्याय घेऊन फोल्डर दाखवावा.

या रीतीची एक पूर्वअट आहे. शाळेतील संगणकाला इंटरनेटवरील भांडाराची यादी ठाऊक असली पाहिजे आणि ती ताजी असली पाहिजे. यादी जुनी असेल, तर तिच्यातील पत्त्यावर आता नवी आवृत्ती आलेली असते, जुनी फाइल काढून टाकलेली असते आणि ‘फाइल सापडली नाही’ असा निरोप मिळतो. ताजी यादी इंटरनेटविना कशी आणायची, याचे उत्तर पुढच्या रीतीत आहे.

रीत तिसरी : एपीटी-ऑफलाइन

इंटरनेट नसलेल्या संगणकांसाठी खास तयार केलेले हे साधन भारतीय डेबियन विकसक रितेश राज सराफ यांनी लिहिले असून ते डेबियनच्या भांडारातच उपलब्ध आहे. त्याचे काम तीन शब्दांत आटोपते : ‘सेट’, ‘गेट’ आणि ‘इन्स्टॉल’. आज्ञा अर्थातच इंग्रजी लिपीत व लहान अक्षरांत टंकाव्या लागतात.

शाळेतील संगणकावर ‘सेट’ची आज्ञा दिली की संगणक आपल्याला काय हवे, याची एक मागणी-फाइल तयार करतो. इंटरनेट असलेल्या संगणकावर ‘गेट’ची आज्ञा ती फाइल वाचते, सर्व सामग्री उतरवून घेते आणि तिचे एक गाठोडे बांधते. तो संगणक लिनक्सचा असलाच पाहिजे असे नाही. पायथॉन बसविलेले असेल तर विंडोजवरही काम होते. शाळेत परतल्यावर ‘इन्स्टॉल’ची आज्ञा ते गाठोडे सोडून योग्य जागी ठेवते. त्यानंतर नेहमीप्रमाणे एपीटीला आज्ञा द्यायची. ते इंटरनेटकडे न जाता जवळच्या साठ्यातून पॅकेज उचलते.

पहिल्या खेपेला बहुधा दोन फेऱ्या पडतात. पहिल्या फेरीत भांडाराची ताजी यादी येते. यादी आल्यावरच नवी पॅकेजेस मागता येतात. ती दुसऱ्या फेरीत येतात. त्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी. इंटरनेटविना बसविलेल्या डेबियनच्या स्रोत-यादीत कित्येकदा फक्त चकतीचीच नोंद असते. जोडणी नसली तरी इंटरनेटवरील भांडाराचा पत्ता त्या यादीत लिहिणे आवश्यक आहे. अन्यथा मागणी-फाइल रिकामीच निघते. एपीटी-ऑफलाइन स्वतः संगणकावर नसेल, तर त्याची पॅकेजे आधी हाताने आणून बसवावी लागतात.

रीत चौथी : एकदा आणा, दहांना वाटा

दहा संगणकांसाठी दहा वेळा धावपळ करण्याची गरज नाही. सर्वांची आवृत्ती एक असेल तर पॅकेजेस एकदाच आणून सर्वांना वाटता येतात. समजा, प्रत्येक संगणकासाठी दीड जीबी सामग्री लागते. प्रत्येकाला स्वतंत्र जोडणी दिली तर पंधरा जीबी डेटा खर्च होईल. पेनड्राइव्हवरून दीड जीबीच पुरेल. म्हणूनच मोबाइल डेटा स्वस्त झाल्यानंतरही ही रीत मागे पडलेली नाही.

यासाठी इंटरनेट असलेल्या ठिकाणी तीच आवृत्ती असलेल्या लिनक्स संगणकावर ‘एपीटी-गेट’ला ‘फक्त उतरवा’ असा पर्याय जोडून आज्ञा द्यावी. पॅकेजेस ‘व्हार’ या मूळ फोल्डरमधील ‘कॅश’, त्यातील ‘एपीटी’ आणि त्यातील ‘अर्काइव्ह्ज’ या ठिकाणी जमा होतात. येथे दोन खाचखळगे आहेत. त्या संगणकावर काही सोबती आधीच असतील, तर एपीटी ते पुन्हा उतरवीत नाही आणि शाळेत नेमके तेच कमी पडतात. म्हणून शाळेतल्याइतकाच कोरा संगणक वापरावा, किंवा त्याच आवृत्तीचे ‘लाइव्ह’ लिनक्स पेनड्राइव्हवरून चालू करून त्यात हे काम करावे. दुसरे असे की, नवी ‘एपीटी’ आज्ञा पॅकेज बसवून झाल्यावर उतरविलेली फाइल पुसून टाकते. जुनी ‘एपीटी-गेट’ आज्ञा ती ठेवते. साठा करायचा असेल तर जुनीच आज्ञा बरी.

शाळेत आल्यावर सर्व डेब फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून तो फोल्डर एपीटीला दाखविला, की कोणते पॅकेज आधी व कोणते नंतर, हा क्रम ते स्वतः लावते. हाच उद्योग वरचेवर करायचा असेल, तर ‘डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस’ या साधनाने फोल्डरची अनुक्रमणिका करून घ्यावी. मग तो फोल्डर शाळेचे छोटेसे स्वतःचे भांडार ठरतो, आणि कक्षातील संगणक एकमेकांना जोडलेले असतील तर एका यंत्रावर ठेवून इतरांनाही पुरविता येतो.

इतर घराणी

फेडोरा व रेड हॅटच्या कुळात ‘डीएनएफ’ हे साधन सर्व सोबत्यांसह पॅकेज उतरवून देते आणि ‘क्रिएटरेपो’ त्यांचे भांडार बांधते. उबुंटूतील ‘स्नॅप’ पद्धतीत दोन फाइली उतरतात : एक सॉफ्टवेअरची, दुसरी तिच्या खरेपणाची. दोन्ही नेल्या तरच नियमानुसार काम होते. ‘फ्लॅटपॅक’मध्ये सॉफ्टवेअर यूएसबीवर काढून देण्याची सोय अंगभूत आहे. ‘ॲपइमेज’ ही सर्वांत सुटसुटीत पद्धत. सर्व सोबती पोटात घेतलेली एकच फाइल, जी न बसविताही चालते. मात्र तिच्या दुरुस्त्या एपीटीमार्फत येत नाहीत. नवी आवृत्ती आली की नाही, हे वापरणाऱ्यानेच पाहायचे असते.

वाय-फायचे कोडे

लिनक्स बसविल्यावर वाय-फाय चालत नाही; ते चालण्यासाठी ‘फर्मवेअर’ हवे; फर्मवेअर इंटरनेटवर आहे; आणि इंटरनेटसाठी वाय-फाय हवे. या चक्रात अनेकजण अडकले आहेत. डेबियनच्या सदस्यांनी २०२२ मध्ये मतदान घेऊन बंदिस्त फर्मवेअरही अधिकृत इन्स्टॉलरमध्ये देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे डेबियन १२ पासून ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. तरीही अडल्यास फर्मवेअरचे डेब पॅकेज पेनड्राइव्हवरून आणावे. बहुतेकदा त्याला सोबती लागत नाहीत, त्यामुळे ते लगेच बसते. दुसरा उपाय मोबाइलचा. अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले, की बहुतेक लिनक्स संगणक त्याला जालजोडणी मानतात. एवढ्याशा कामासाठी गावातील कमकुवत सिग्नलही पुरतो.

शिक्का पाहिल्याशिवाय पेटी उघडू नये

निफाड परिसरातील बागायतदारांना निर्यातीच्या द्राक्षांची ‘ग्रेपनेट’ पद्धत परिचित आहे. युरोपात पोहोचलेल्या पेटीवरून ती कोणत्या बागेतून आली, हे त्या नोंदींतून शोधता येते. डेबियनच्या पॅकेजेसनाही अशीच साखळी असते. प्रत्येक पॅकेजचा अंकीय ठसा यादीत असतो आणि त्या यादीवर डेबियनची अंकीय स्वाक्षरी असते. इंटरनेटवरून सॉफ्टवेअर घेताना एपीटी ही साखळी तपासते. सुटी डेब फाइल पेनड्राइव्हवरून बसविताना ती तपासणी होत नाही.

येथेच धोका संभवतो. पॅकेज बसविणारा कार्यक्रम सर्वाधिकारांसह चालतो. फाइलमध्ये कोणी काही घुसवले असेल तर संपूर्ण यंत्र त्याच्या ताब्यात जाते. इंटरनेटपासून तोडलेले यंत्र सुरक्षितच असते, हा समज २०१० मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने खोटा ठरविला. इराणमधील नतांझ येथील अणुकेंद्राला लक्ष्य करणारा हा विषाणू यूएसबीवरूनही पसरत असे. शाळेची तुलना अणुकेंद्राशी करण्याचे कारण नाही. पण पेनड्राइव्ह हे सामानाबरोबर आजारही वाहून नेणारे साधन आहे, हा धडा दोन्हींकडे सारखाच लागू पडतो. सायबर कॅफेतील विंडोजचे विषाणू लिनक्सला सहसा बाधत नाहीत; मात्र तोच पेनड्राइव्ह पुढे कार्यालयातील विंडोज यंत्राला लावला तर ते तेथे पोहोचतात.

म्हणून डीव्हीडीची प्रतिमा उतरविल्यावर तिचा ठसा संकेतस्थळावरील स्वाक्षरी केलेल्या यादीशी ताडून पाहावा. पॅकेजेस अधिकृत भांडारातूनच घ्यावीत. शक्य तेथे स्वाक्षरीसह यादी आणणारी एपीटी-ऑफलाइनची वाट धरावी. स्वतःच्या भांडाराला ‘विश्वसनीय’ असा शेरा देऊन तपासणी बंद करता येते. पण तो शेरा देण्याआधी मूळ फाइली कोठून आल्या, याची खात्री हवी. शिवाय नेहमी ‘स्थिर’ आवृत्तीच वापरावी. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कोणीतरी चोरवाट घुसविल्याचे उघड झाले. ती डेबियनच्या चाचणीसाठीच्या शाखांपर्यंत पोहोचली होती. स्थिर आवृत्ती तिच्यापासून बचावली.

नेहमीच्या अडचणी

अवलंबित्व अपुरे : डीपीकेजीने पॅकेज अर्धवट बसवून तक्रार केली, तर घाबरू नये. तक्रारीत कमी पडलेल्या पॅकेजचे नाव दिलेले असते. ते लिहून घ्यावे आणि पुढच्या फेरीत आणावे. बळजबरीने बसविण्याचे पर्याय वापरू नयेत.

वीज गेली : पॅकेज बसत असतानाच भारनियमनाने गाठले, तर काम अर्ध्यावर राहते. वीज आल्यावर डीपीकेजीला अपुरी सर्व पॅकेजेस ‘कॉन्फिगर’ करण्याची आज्ञा दिली की बहुधा घडी नीट बसते.

घड्याळ मागे : जुन्या संगणकाच्या मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी संपली, की प्रत्येक वेळी तारीख काही वर्षे मागे जाते. मग एपीटी ताजी यादी पाहून ‘ही अद्याप वैध नाही’ असे सांगते. दोष यादीचा नसतो, घड्याळाचा असतो. तारीख दुरुस्त करावी; सवडीने बॅटरी बदलावी.

फाइल खराब : नक्कल झाल्याचे पडद्यावर दिसले, तरी काही माहिती पेनड्राइव्हवर लिहिली जायची बाकी असू शकते. ‘सुरक्षितपणे काढा’ हा पर्याय घेतल्याशिवाय तो उपसू नये. चाळीस किलोमीटर आल्यावर फाइल उघडत नाही असे कळणे फार महागात पडते.

स्क्रिप्ट चालत नाही : फॅट-३२ पेनड्राइव्हवर लिनक्सच्या परवानग्या टिकत नाहीत. स्क्रिप्ट संगणकात नकलून मग चालवावी.

फेरीचा नेम

सॉफ्टवेअर एकदा बसले की काम संपले, असे मानू नये. ब्राउझर, कागदपत्रे उघडणारे कार्यक्रम आणि प्रणालीचा गाभा यांतील दोष सतत सापडत असतात आणि त्यांच्या दुरुस्त्या प्रसिद्ध होत असतात. जालापासून दूर असलेल्या यंत्राला त्या आपोआप मिळत नाहीत. महिन्यातून एक दिवस ठरवून मागणी-फाइल न्यावी आणि दुरुस्त्यांचे गाठोडे आणावे. प्रत्येक फेरीची तारीख, आणलेली पॅकेजेस आणि कोणत्या यंत्रांवर बसविली याची नोंद कक्षातील वहीत ठेवावी. शिक्षकाची बदली झाली तरी वही मागे राहते, आणि पुढच्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. शाळांतील अनेक चांगले उपक्रम यंत्र बिघडल्यामुळे नव्हे, तर जाणकार माणूस गेल्यामुळे बंद पडतात, हे विसरून चालणार नाही.

जगाच्या दुसऱ्या टोकाला क्यूबामध्ये बातम्या, चित्रपट आणि सॉफ्टवेअर यांचा ‘साप्ताहिक संच’ हार्ड डिस्कवरून घरोघर पोहोचत आला आहे. ‘किविक्स’ या साधनामुळे मराठी विकिपीडियाही पेनड्राइव्हवर मावतो आणि इंटरनेटविना वाचता येतो. माहिती तारेतूनच आली पाहिजे, असा नियम नाही. ती एसटीच्या खिडकीपाशी बसलेल्या माणसाच्या खिशातूनही येते. निफाडच्या कक्षातील दहा यंत्रांना आणखी काही वर्षांचे आयुष्य मिळायचे असेल, तर त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पेनड्राइव्ह काही शे रुपयांत मिळतो. कमी पडतो तो महिन्याची एक फेरी नेमाने करणारा माणूस.